आजींनी सांगितलेला झाडपाला नेटवर टाकू की नको?

पळसफूल | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलंय, पण पूर्ण वाचून मत द्या प्लीज, मला खरंच सल्ला हवाय.

मी कर्जत तालुक्यात एका ठाकरवाडीवर झेडपीच्या शाळेत शिकवते, सहावं वर्ष चालू आहे. वाडीत एक आजी आहेत, झाडपाल्याचं औषध देतात. पाय मुरगळला, जुलाब लागले, बाळाचं पोट धरलंय, बाळंतिणीला दूध कमी येतंय, आजूबाजूच्या पाच-सहा वाड्यांवरून लोक येतात. पैसे मागत नाहीत, कोणी शेरभर तांदूळ नाहीतर नारळ ठेवला तर ठेवला. मी त्यांना आजी म्हणते, त्या मला बाय म्हणतात, पोरांसमोर मात्र आवर्जून बाई.

गेले दोन पावसाळे मी त्यांच्या मागे मागे रानात फिरले, मोबाईलवर सगळं रेकॉर्ड केलं. ६३ झाडं, वेली, कंद झालेत. फोटो आहेत, ठाकरी नाव, आपल्याकडचं नाव, पान घ्यायचं की साल की मूळ, कशावर देतात, सगळं एक्सेलमध्ये टाकलंय. माझी एक मैत्रीण म्हणाली वेबसाईट करून देते, फुकट. मला तर झोप लागेना आनंदाने. मागच्या आठवड्यात आजींना सांगायला गेले की आता हे सगळ्या जगाला दिसणार. त्या नाचणी पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग विचारलं, "मंग येवढी लोकं पाला कुठशी घेतील, बाय?"

मला उत्तर देता आलं नाही. एक प्रसंग सांगते म्हणजे माझी अडचण कळेल. जुलैत त्या कुड्याची साल काढायला गेल्या होत्या, जुलाबासाठी. कोयत्याच्या टोकाने झाडाच्या उगवतीच्या अंगाला बोटभर लांबीचा तुकडा अलगद सोडवला, बस तेवढाच. शेजारी एक जुना व्रण होता, कडा फुगून आत वळलेल्या, जवळजवळ भरत आलेला. म्हणाल्या, "हा तू वाडीवर यायच्या आधीचा." म्हणजे पाच वर्षांच्या वरचा! त्याच झाडाची साल इतकी वर्षं घेतायत आणि झाड हिरवंगार. तिथून वीसेक पावलांवर दुसरा कुडा होता, त्याची साल कोणीतरी खोडाभोवती पूर्ण गोल सोलून नेलेली, वाळून नुसता दांडा उभा. ते आमच्या वाडीतल्यांचं काम नाही, गोण्या भरून माल नेणारे येतात त्यांचं असणार.

माझ्या एक्सेलमध्ये दोन्ही झाडांसाठी ओळ एकच आहे, कुडा – साल – जुलाब. तर टाकू का नको?

रानवाटा | सोमवार, रात्री ११:२५

ताई, आधी मनापासून अभिनंदन, सहा वर्षं वाडीवर टिकून राहणं आणि हे काम करणं सोपं नाही. माझं मत स्पष्ट आहे, टाका. आजींचं वय झालंय. त्या गेल्या की ६३ च्या ६३ गोष्टी त्यांच्याबरोबर जातील.

आणि लिहून ठेवल्याचा उपयोग होतो याचं आपल्या डोळ्यासमोरचं उदाहरण म्हणजे हळद. १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला हळदीने जखम भरण्यावर पेटंट मिळालं होतं, जे आपल्या प्रत्येक घरात आजी-पणजीला माहीत. डॉ. माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते, त्यांनी त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. कशामुळे झालं? जुने छापील पुरावे दाखवता आले म्हणून. "आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे" एवढ्यावर तिथे कोणी ऐकत नाही, कागद लागतो. त्यातूनच पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी सुरू झाली. पण त्यात मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांचे ग्रंथ आहेत. ठाकरांचं, कातकऱ्यांचं, वारल्यांचं ज्ञान ग्रंथात नाहीच, ते तोंडी. मग ते कोण वाचवणार? म्हणून म्हणतो, लिहा.

कोकणकडा | मंगळवार, सकाळी ७:१०

रानवाटा, मुद्दा पटतो पण मी उलट बाजू पाहिलीय म्हणून लिहितोय. मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे घाटाच्या बाजूला नरक्या नावाचं झाड आहे, नाव पडलं त्याच्या घाणेरड्या वासावरून, कोणी सरपणालाही धड घेत नसे. मग कळलं की यात कॅन्सरवरच्या औषधाचा कच्चा माल आहे. झालं! एकदा बातमी फुटल्यावर रात्री-अपरात्री ट्रकच्या ट्रक जायला लागले, तुकडे करून, भुसा करून. तोडायला मजुरीवर कोण, तर गावातली गरीब माणसं आणि धनगरवाड्यावरची पोरं. केस पडली तर त्यांच्यावर, माल घेणारा कधी दिसलाच नाही. माझ्या शाळेच्या वाटेवर नरक्याची दाट रांग होती, आज तिथे बुंधेसुद्धा नाहीत.

आजींनी विचारलेला प्रश्न फार मोठा आहे, ताई. त्याचं उत्तर मिळेपर्यंत काही टाकू नका.

कॅरोलिनाकर | मंगळवार, सकाळी ८:०५

नरक्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण मी जिथे राहतो तिथून ती जागा अर्ध्या तासावर आहे. त्या औषधाचं मूळ द्रव्य म्हणजे कॅम्प्टोथेसिन, ते १९६६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी शोधलं, एका चिनी झाडातून. हे डॉ. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, १९२५ चा जन्म! पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉल या दुसऱ्या एका झाडातल्या द्रव्याची रचनाही याच जोडीने मांडली. आज जगभर कॅन्सरचे पेशंट या दोन झाडांच्या औषधांवर आहेत. आमच्या मंडळात गणपतीला मी मुलांना हे सांगतो तेव्हा नंदुरबार कुठे आहे ते नकाशावर शोधायला लावतो.

१९७२ मध्ये तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं आणि पुढचं कोकणकडा यांनी लिहिलंच आहे. म्हणजे संशोधन वाईट असं अजिबात नाही, जीव वाचलेत. पण प्रयोगशाळेतला शोध आणि डोंगरावरचं झाड यांच्यामध्ये जो व्यवहार होतो, तिथे राखण करायला कोणीच नसतं.

निशिगंध | मंगळवार, सकाळी ११:३०

छान धागा. पळसफूल ताई, माझ्या सासऱ्यांची शुगर ३०० च्या खाली येतच नाही, आजींकडे काही असेल तर इथे नाहीतर विपूमध्ये (खाजगी निरोपात) सांगाल का? खूप उपकार होतील, आम्ही सगळं करून थकलो.

पळसफूल | मंगळवार, दुपारी १:१५

निशिगंध ताई, काळजी समजते हो. पण मी नाही सांगू शकत. आजी स्वतः माणूस समोर बसल्याशिवाय काही देत नाहीत, आधी जीभ बघतात, काय खाल्लं ते विचारतात, बाईमाणूस असेल तर दिवस गेलेत का विचारतात, आणि बऱ्याच वेळा "हे माझ्याच्यानं व्हायचं नाय, दवाखान्यात जा" असं सांगून परत पाठवतात. शुगरसाठी तर त्या कोणालाच काही देत नाहीत. सासऱ्यांना डॉक्टरांकडेच न्या, गोळ्या बंद करू देऊ नका.

म्हणूनच या धाग्यात मी कुठल्याही झाडाचं प्रमाण लिहिणार नाहीये, कोणी विचारू नका.

डॉ_सह्याद्री | मंगळवार, रात्री ९:५०

प्रमाण न देण्याचा निर्णय एकदम योग्य. मी ग्रामीण रुग्णालयात बारा वर्षं काढलीत, झाडपाल्याचा शत्रू नाही, पण अर्धवट यादी किती घातक ते बघितलंय.

गुळवेलच घ्या. २०२० मध्ये कोविडच्या भीतीने जो तो गुळवेलीचा काढा प्यायला लागला, रोज, महिनोन्महिने, कोणी कुंपणावरून तोडून आणतोय कोणी झूमधून शिकतोय. मुंबईतल्या डॉक्टरांनी त्याच काळात लिव्हरला सूज आलेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली, सगळे गुळवेल घेणारे. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की त्यांनी घेतलेली वेल खरी गुळवेल होती का तेच नीट तपासलेलं नाही, तशीच दिसणारी दुसरी जात असू शकते. वाद काही असो, वेल ओळखण्यातच चूक होऊ शकते हे नक्की. तुमच्या आजींची चूक होणार नाही. फोटो बघून तोडणाऱ्याची होईल.

कळलावी, म्हणजे काही ठिकाणी खड्यानाग म्हणतात ती, फूल इतकं देखणं की लोक बागेत लावतात, पण सगळ्या झाडात कॉल्चिसिन हे विष, कंद तर जीवघेणा. बिब्ब्याचं तेल अंगावर उतून फोड घेऊन आलेले पेशंट मी दरवर्षी बघतो. हे सगळं वापरणाऱ्या जाणत्या माणसाकडे ते शुद्ध करायची रीत असते, आणि यादीतून नेमकी तीच गळते.

शेवटचं, आणि हात जोडून. साप चावला तर कुठलंही मूळ, कुठलाही पाला नको. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही सापांवर एकच लस चालते आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. विंचवावर महाडला डॉ. बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून कोकणातले किती मृत्यू टाळले ते सगळ्यांना माहीत आहे. आजींना साप-विंचवाचं विचारा, काय म्हणतात?

पळसफूल | मंगळवार, रात्री १०:२०

विचारलंय डॉक्टर. त्या म्हणतात सापाला पाला नाय, सापाला गाडी. मागच्या भाद्रपदात एका पोराला फुरसं चावलं तेव्हा त्यांनीच आरडाओरडा करून जीप थांबवली होती.

मेळघाटी | बुधवार, सकाळी ९:००

मी मेळघाटात, धारणी भागात संस्थेत काम केलंय म्हणून सांगते. प्रत्येक ठिकाणी अशा आजी नसतात. कोरकू आदिवासींमध्ये भुमका असतो, पडियार असतो, म्हणजे त्यांचे पारंपरिक वैदू. त्यातल्या काहींना जंगलाची अफाट माहिती असते, कुठल्या ओढ्याला काय उगवतं ते डोळे मिटून सांगतील. पण तिथेच तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापवलेल्या सळईने चटके द्यायची डंब्याची प्रथाही आहे. मी स्वतः वीस दिवसांचं बाळ उचलून दवाखान्यात नेलंय, पोटावर चटक्यांचे डाग, ते दृश्य विसरता येत नाही.

परंपरा म्हणून सगळं गोड मानू नका आणि अडाणी म्हणून सगळं फेकूही नका एवढंच. आम्ही भुमकांच्या बैठका घ्यायचो, त्यांचा मान ठेवून बोललं की बरेच जण स्वतः पेशंट घेऊन दवाखान्यात यायचे. अपमान केला की बाळं लपवली जायची.

अनंतशयन | बुधवार, रात्री ११:४५

मी नोकरीनिमित्त तिरुअनंतपुरमला नऊ वर्षं आहे. इथल्या अगस्त्यमलैच्या डोंगरातल्या काणी लोकांची गोष्ट या धाग्यात यायलाच हवी, जरा सविस्तर लिहितो.

डिसेंबर १९८७. डॉ. पुष्पांगदन यांच्याबरोबर शास्त्रज्ञांची तुकडी जंगलात चाललीय, वाटाडे काणी आदिवासी. चढ असा की शहरी मंडळी धापा टाकतायत आणि वाटाडे मात्र ताजेतवाने, मधेमधे कसली तरी बारीक फळं तोंडात टाकतायत. त्यांनी ती शास्त्रज्ञांनाही दिली, खाल्ल्यावर तरतरी आली. झाड कुठलं विचारलं तर वाटाडे सांगेनात, ते आमच्यातलं गुपित आहे म्हणाले. बऱ्याच विनवण्यांनंतर दाखवलं. ते आरोग्यपच्चा, जंगलातल्या गर्द सावलीत वाढणारं जमिनीलगतचं छोटंसं झुडूप.

पालोडच्या बोटॅनिक गार्डनच्या संस्थेने त्यावर काम केलं, अश्वगंधा, पिंपळी वगैरे घालून जीवनी नावाचं औषध तयार केलं. गंमत बघा, काणी खायचे फळ, औषध झालं पानांचं. ९० च्या दशकाच्या मध्यात एका आयुर्वेदिक फार्मसीला सात वर्षांचं लायसन दिलं, १० लाख रुपये फी आणि विक्रीवर २ टक्के रॉयल्टी. संस्थेने ठरवलं की यातला अर्धा वाटा काणींचा. तेव्हा देशात जैवविविधता कायदाच नव्हता, तो आला २००२ मध्ये! म्हणजे कायद्याने सांगायच्या आधी कोणीतरी वाटा दिला, याचा मला आदर वाटतो. १९९७ मध्ये काणींचा ट्रस्ट नोंदवला गेला, १९९९ मध्ये पैसे पोचले.

पण पुढे काय झालं तेही ऐका. काणी लोक वेगवेगळ्या डोंगरांत विखुरलेले, ज्यांनी दाखवलं ते एका भागातले, बाकीच्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्यांच्यातल्या वैद्यांना प्लाथी म्हणतात, त्यांच्यातल्या काहींनी सरळ विरोध केला की हे ज्ञान विकायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी. काणी कुटुंबांनी लागवड सुरू केली तर वनखात्याला भीती की लागवडीच्या नावाने जंगलातलीच झाडं उपटली जातील, त्यामुळे पानांचा पुरवठा अडकला. आणि अमेरिकेत एका कंपनीने जीवनी हे नावच आपला ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं, आपल्याकडून तिथे काही नोंदच केलेली नव्हती.

पळसफूल ताई, इतक्या चांगल्या हेतूने, इतक्या मोठ्या माणसांनी केलेल्या कामात हे झालं. सुरुवातीची गाठ कुठे चुकली माहितीय? मोजक्या वाटाड्यांना विचारलं, समाजाला नाही. तुम्ही आजींना विचारलंत, वाडीला विचारलंत का?

पळसफूल | गुरुवार, सकाळी ६:३०

नाही विचारलं. रात्रभर हेच डोक्यात होतं.

कोकणकडा | गुरुवार, सकाळी १०:१५

कायद्यात ग्रामसभेला जागा आहे, ती वापरा. रायगड जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत (आदिवासी क्षेत्रांच्या यादीत) नाही त्यामुळे पेसा, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, तुम्हाला लागू नाही, पण २००६ चा वनहक्क कायदा आहेच. त्यातल्या कलम ३(१)(ट) मध्ये, इंग्रजीत के, जैवविविधतेपर्यंत जाण्याचा आणि पारंपरिक ज्ञानावरचा समाजाचा हक्क स्पष्ट लिहिलाय. लोक फक्त प्लॉटचे दावे टाकतात, हा हक्क कोणी मागतच नाही. गडचिरोलीत मेंढा लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो गाव एकत्र बसून अभ्यास करत होतं म्हणून.

पंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असते, तीही बघा. पण त्यात काय लिहायचं आणि काय नाही ते वाडीने ठरवायचं, फॉर्म भरायला आलेल्या एजन्सीने नाही. आणि जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झालीय, ग्रंथात नोंदलेल्या ज्ञानाच्या वापरावर वाटा देण्यातून सूट आहे. आता कुडा, गुळवेल, हिरडा हे सगळं ग्रंथातही आहे आणि आजींकडेही आहे. माल घेणारा ग्रंथाकडेच बोट दाखवणार.

वाडीवरचा | शुक्रवार, रात्री १२:१०

मी ठाकर आहे, कर्जत तालुक्यातलाच, वाडीचं नाव नाही सांगत. खोपोलीला कंपनीत आहे, सेकंड शिफ्ट करून आलो आणि पूर्ण धागा वाचला. तुम्ही सगळे आमच्या भल्याचंच बोलताय ते कळतं, राग नाही. पण सगळे विचारतायत की हे ज्ञान कुठे ठेवायचं, वेबसाईटवर की नोंदवहीत की लायब्ररीत. ते आमच्या घरातून जातंय का, हे कोणी विचारलं नाही.

मी सांगतो का जातंय. चौथीनंतर मी आश्रमशाळेत गेलो. शाळा सुरू होते जूनला. रानात सगळं उगवतं कधी? जूनला. शेवळं पहिल्या पावसात येतात, आठ-पंधरा दिवसांत संपतात. मग लोत, भारंगी, कुर्डू, करटुली, कळलावीचं फूल, मुसळी, सगळं पावसात. आणि आम्ही घरी येणार कधी, मेमध्ये, तेव्हा डोंगर करपलेला, पान नाही फूल नाही कंद जमिनीत झोपलेला. माझी आई काय दाखवणार मला? सहा वर्षं मी एक पावसाळा घरी बघितला नाही. दहावी पास झालो, त्याचा आनंद आहे, शाळा नको असं मी म्हणणार नाही, पण शेवळासोबत काकड का टाकतात ते मला बायकोने शिकवलं, ती शाळेत गेली नव्हती म्हणून तिला येत होतं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नुसतं शेवळ खाल्लं तर घसा असा खाजतो की पाणी उतरत नाही, काकडाच्या आंबट फळाने ती खाज मरते.)

दुसरं कारण जमीन. आमच्या खालच्या अंगाला पूर्ण फार्महाऊस झालेत. तारेचं कुंपण, गेट, वॉचमन. माझी मावशी ज्या मैदालकडीची साल हाड मोडल्यावर लेप करायला आणायची ते झाड आता एका बंगल्याच्या आवारात आहे, लॉनच्या कडेला. वॉचमन आमच्यातलाच पोरगा, पण त्याला नोकरी सांभाळायचीय, तो आत सोडत नाही. मावशीने मग तो लेप देणंच बंद केलं. ज्ञान आहे हो तिच्या डोक्यात, पण पाय तिथपर्यंत जात नाही.

शहापूरला कातकरी पोरांनी वनधन केंद्र (रानातला माल गोळा करून विकणारं) काढून मोठ्या कंपन्यांना गुळवेल विकली, मला त्यांचा अभिमान आहे, दलाल बाजूला केला त्यांनी. पण पैसे मिळतात ते किलोवर. कुठली वेल घ्यायची, किती सोडायची हे माहीत असल्याचे पैसे कोण देत नाही.

बाईंना विनंती, शनिवारी शाळा सकाळची असते ना, त्या दिवशी पोरांना आजीबरोबर रानात पाठवा. वेबसाईट नंतर बघू.

निशिगंध | शुक्रवार, दुपारी २:४०

वाडीवरचा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी वर शुगरचं औषध मागितलं त्याचं वाईट वाटतंय. माझ्या मुलीला बाळगुटी उगाळायचे तेव्हा हिरडा, बेहडा, वेखंड, जायफळ यांच्यात ती पिळलेल्या दोरीसारखी मुरुडशेंग असायची, सासूबाई म्हणायच्या पोटातला मुरडा जातो. ती आम्ही स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका बाईकडून घ्यायचो, दहा रुपयाला मूठभर, आणि दहालाही घासाघीस करायचो. ती कुठून येते, किती डोंगर चालून गोळा करते हा विचार वीस वर्षांत मनात आला नाही.

रानवाटा | शुक्रवार, रात्री ८:२०

मी माझं पहिलं मत बदलतो. लिहिणं हवंच, पण वाडीसाठी, वाडीच्या ताब्यात. "संपायच्या आत पकडून ठेवा" असं मी बोललो ते चूक, ही काही थिजलेली वस्तू नाही. कंबरमोडी, दगडी पाला म्हणतात तो, जखमेवर चोळतात, महाराष्ट्रभर गुराख्याच्या पोरालाही माहीत. ते झाड मूळचं मेक्सिकोकडचं! म्हणजे परदेशातून तण म्हणून आलं आणि इथल्या माणसांनी ते बघून, वापरून, पारखून औषधात घेतलं. हे करणारी माणसं रानात फिरत राहिली तर उद्या अजून काही घेतील.

पळसफूल | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:३०

उशीर झाला, माफ करा, पण काहीतरी करूनच लिहायचं असं ठरवलं होतं.

वाडीची बैठक झाली, समाजमंदिरात, बायका जास्त होत्या. मी सगळी रेकॉर्डिंग दाखवली, वेबसाईटचा विचार सांगितला, काणींची गोष्टही सांगितली. खूप वेळ चर्चा चालली. ठरलं असं की नेटवर काही जाणार नाही. एक जाड वही करायची, ती वाडीत राहील, त्यात काय लिहायचं ते आजी आणि अजून दोन म्हाताऱ्या ठरवतील. वनहक्काच्या दाव्यात आजींच्या जायच्या-यायच्या वाटा दाखवायच्या, एका तरुणाने मोबाईलवर जीपीएस लावून त्या चालायलाही सुरुवात केलीय. मैत्रिणीला फोन करून नाही सांगितलं, तिला वाईट वाटलं पण समजलं.

आणि शनिवार सुरू झालेत. पहिल्या शनिवारी एकोणीस पोरं होती. आजींनी शेंगांच्या दोन जोड्या हातात दिल्या आणि विचारलं, यातला औषधाचा कुडा कुठला. चौथीतली एक मुलगी, वर्गात तोंड उघडत नाही, तिने दोन्ही निरखल्या. एकीच्या दोन शेंगा टोकाला एकमेकींना चिकटलेल्या होत्या, दुसरीच्या सुट्या लोंबत होत्या. तिने सुटीवाली उचलली, बी काढून दाताखाली धरली आणि तोंड वाकडं केलं. कडू. चिकटलेली शेंग काळ्या कुड्याची, तिचं बी गोडसर. आजी काही बोलल्या नाहीत, नुसता कोयता तिच्या हातात दिला. माझ्या फोटोत हे दोन कुडे वेगळे करताच आले नसते, मी कुड्याच्या नावाने काढलेल्या चार फोटोंपैकी एक काळ्या कुड्याचाच निघाला!

काल संध्याकाळी आजींना त्यांचीच रेकॉर्डिंग ऐकवत बसले होते, वहीत काय घ्यायचं ते ठरवायला. स्वतःचा आवाज ऐकून आधी लाजल्या, मग मन लावून ऐकायला लागल्या. पाचव्या झाडाला म्हणाल्या, थांबव. "हे मी तुला अर्धंच सांगितलं होतं." मी विचारलं का, तर म्हणाल्या तू तेव्हा रानात नवी होतीस, टिकशील का माहीत नव्हतं.

आता पहिल्यापासून परत ऐकतोय, त्यांच्या शेजारी ती चौथीतली मुलगी बसते. ६३ पैकी नऊ झाली.

वाडीवरचा | रविवार, रात्री ११:५५

बाई, पुढच्या शनिवारी माझी सुट्टी आहे. मावशीला घेऊन येतो.